हेस्टर प्यूची सुरक्षित बंदूक

हेस्टर प्यूच्या दुनळी बंदुकीचा सांधा सैल झाला होता. ही बाब खासगी होती. ती खासगीच राहिली असती, तर आमच्या हेन्डर खोऱ्याची अब्रू आणि एका कोकराचा डावा डोळा, दोन्ही शाबूत राहिले असते.

बंदूक तिच्या वडिलांची. म्हातारा प्यू मेंढ्यांशी जेवढं बोलायचा, त्याहून पुष्कळ कमी माणसांशी बोलायचा. पण बंदुकीविषयी एक वाक्य त्यानं मुलीला देऊन ठेवलं होतं. ‘चांगली बंदूक मिटते ती ओठ मिटल्यासारखी. दार आपटल्यासारखी नव्हे.’ ती बंदूक तशीच मिटायची. खटका अंगठ्यानं बाजूला सारला की नळ्या बिजागरीवर अलगद झुकायच्या, काडतुसं आत जायची, नळ्या वर यायच्या आणि एक हळू, ओलसर ‘टप्’ ऐकू यायचा. धुक्यात तो आवाज ऐकला की शेजारच्या रानातल्या माणसाला कळायचं, प्यू उठला.

पण लोखंडालाही वय असतं. नळ्यांखालचा जो आकडा बिजागरीच्या खिळ्याला कवटाळून बसतो, तो झिजला. खटक्याची जीभ झिजली. नळ्यांची तोंडं आणि मागची पोलादी भिंत यांच्यामध्ये आता फट पडली होती. सिगरेटचा कागद तिच्यातून आरपार जायचा आणि उजेड धरला तर उजेडही जायचा. बंदूक हलवली की कवळी सैल झालेल्या आजोबांनी भाषण करावं तशी खुळखुळायची. अशी बंदूक उडवली तर पुढच्या पक्ष्याचं काय होईल ते सांगता येत नाही. मागच्या माणसाच्या चेहऱ्याचं काय होईल ते मात्र नक्की सांगता येतं.

हेस्टरला बंदूक हवी होती ती कावळ्यांसाठी. मार्चमध्ये आमच्याकडे मेंढ्या व्यायला लागतात. गवतावर दहिवर असतं, मेंढी आडवी पडून दुसऱ्या कोकरासाठी कळा देत असते, आणि पहिलं कोकरू, पाय कुठले नि जमीन कुठली हे अजून न उमगलेलं, ओली मान वर करतं. कावळा कुंपणावर बसलेला असतो. त्याला घाई नसते. उतरतो, दोन उड्या मारतो, थांबतो, जणू बारशाला आलाय. आणि सुरुवात डोळ्यापासून करतो. हेस्टरची आई मेंढ्यांत फिरताना एक गाणं गुणगुणायची, ते आता हेस्टर गुणगुणते:

पहिलं कोकरू बाई, मार्चाच्या गं थंडीत
आई चाटते पाठ, कावळा बसला फांदीत

मार्च अजून लांब होता. जानेवारीच्या शेवटी हेस्टरनं घरगुती उपाय करून पाहिला. तो सुचवला तिचा मेहुणा इड्रिस यानं. इड्रिसचा जगातल्या सर्व यंत्रांवर हक्क होता, कारण त्याच्याकडे ट्रॅक्टर होता.

“अगं हेस्टर, कारागिराकडे कशाला जातेस? सार्डिन माशांचा पत्र्याचा डबा आहे ना घरात? त्याची पट्टी काप, आकड्यात चिकटव. बसला खिळा घट्ट. माझे वडील असंच करायचे.”

“तुझ्या वडिलांना डावा कान नव्हता, इड्रिस.”

“पण बंदूक घट्ट होती!”

पट्टी बसवली. बंदूक मिटली. दिवसभर मिटलेली राहिली, पण तिला सार्डिनचा इतका दर्प येऊ लागला की हेस्टरचा कुत्रा पक्षी सोडून बंदुकीच्याच मागे फिरू लागला. संध्याकाळी पट्टी निखळून पडली आणि कुत्र्यानं ती मोठ्या समाधानानं खाल्ली. फट होती त्याहून जरा मोठीच झाली.

आता ती बाजारगावच्या कारागिराकडे, ट्रँटरकडेच न्यायची, असं हेस्टरनं ठरवलं. पण त्याआधी हंगामाची शेवटची शिकार होती. शिकारीच्या रांगेतली जागा आमच्याकडे बापाकडून लेकराकडे येते, आणि एक दिवस रिकामी राहिली तरी कोणीतरी तिथं आपली काठी रोवून मोकळा होतो. म्हणून हेस्टर गेली. बंदूक घेऊन गेली. उडवायची नाही असं ठरवून गेली.

त्या वर्षी आमच्या शिकार मंडळानं सुरक्षाप्रमुख हे नवं पद निर्माण केलं होतं आणि त्यावर मॉर्टिमर ग्रीव्ह यांची नेमणूक झाली होती. ग्रीव्हसाहेब रस्ते खात्यातून निवृत्त होऊन खोऱ्यात राहायला आले होते. नोकरीत असताना त्यांनी एका पुलावरचे अपघात शून्यावर आणले होते. पूल बंद करून.

बंदुकीच्या बाबतीत आमच्याकडे एक रीत आहे. पक्षी उठवायचा एक हाकारा संपला की पुढचा सुरू होईपर्यंत बंदूक मोडायची, म्हणजे नळ्या झुकवून ती उघडी कोपरावर टाकायची. समोरून येणाऱ्याला दोन्ही नळ्यांतून आभाळ दिसलं पाहिजे. देव, राणी आणि जावई यांच्याविषयी आमच्यात मतभेद चालतात. आभाळाविषयी चालत नाहीत. तरी माणूस विसरतो. थंडी असते, कोणीतरी बाटली पुढं करतं, हात खिशात जातो आणि बंदूक मिटलेली राहते.

ग्रीव्हसाहेब दिवसभर बांधाबांधानं वाकून बघत फिरले. ज्याच्या त्याच्या हातून एकदा तरी चूक झाली. पाद्रीबुवांची बंदूक मिटलेली सापडली. इड्रिसची तर तो तिच्यावर टेकून उभा असताना सापडली. फक्त एका व्यक्तीची बंदूक, कुठल्याही वेळी, कुठल्याही कोनातून पाहिली, तरी उघडी होती. हेस्टरनं ती मिटून धरायचा प्रयत्न केला तरी उघडी होती.

संध्याकाळी ‘तीन लोकरी’ या आमच्या गुत्त्यात मटणाचा रस्सा आणि भाषण झालं. ग्रीव्हसाहेबांनी एक चषक वर धरला. त्यावर उघड्या बंदुकीचं चित्र कोरलं होतं.

“मिस प्यू,” ते म्हणाले, “सुरक्षितता ही तुमची सवय नाही, तो तुमचा स्वभाव आहे.”

हेस्टर उभी राहिली. “ग्रीव्हसाहेब, ती मी उघडी ठेवत नाही. ती मिटतच नाही. मोडलीये ती.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या खोऱ्यात आपल्या वस्तूला नावं ठेवणं हा शिष्टाचार आहे. जिचा केक जत्रेत पहिला येतो ती बाई ‘तळाला करपलाय हो’ म्हणते. ज्याचा मेंढा बक्षीस मिळवतो तो ‘पाय वाकडे आहेत’ म्हणतो. खरोखर करपलेल्या केकविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. त्यामुळे हेस्टर जितकी कळवळून सांगू लागली, तितकी तिची नम्रता लोकांच्या काळजाला भिडत गेली.

“ती धोकादायक आहे!” ती ओरडली.

“किती साधी बाई,” पाद्रीबुवा डोळे पुसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती बाजारगावी ट्रँटरच्या दुकानात गेली. अँब्रोझ ट्रँटर हा बंदुकांचा कारागीर. कुरकुरा, लठ्ठ आणि स्वतःच्या हातांविषयी भलताच गर्विष्ठ. त्यानं बंदूक उजेडाला धरली, हलवली आणि तोंड वाकडं केलं.

“काय खाऊ घातलंस हिला, पोरी? मासे?”

“नीट होईल का?”

“होईल की. आकड्यावर भर घालीन. खटक्याला नवी जीभ देईन. मग दिव्याची काजळी लावायची, मिटायची, उघडायची. जिथं काजळी पुसली गेली तिथं लोखंड जास्त. तिथं कानस, केसाएवढी. पुन्हा काजळी, पुन्हा मिटायची. बाळाला झोपवायचं तसं. घाई केली की रडतं.”

“कोकरं यायच्या आत?”

“कोकरांच्या आत.”

तो कानस उचलणार, एवढ्यात दुकानातला फोन वाजला. ट्रँटर बराच वेळ ‘हो साहेब’ म्हणत राहिला. फोन ठेवला तेव्हा बंदुकीकडे त्यानं जरा अदबीनं पाहिलं.

“हिला हात लावता येत नाही.”

“का?”

“ही आता मानक आहे. ग्रीव्हसाहेब म्हणाले. आपोआप उघडणं हा हिचा सुरक्षा-गुण आहे. तो काढणं म्हणजे मोटारीचा ब्रेक काढण्यासारखं. मंडळाची मंजुरी लागेल.”

“अहो, पण ही उडवता येत नाही!”

“तेच तर ते म्हणाले,” ट्रँटर म्हणाला. “कौतुकानं.”

हेस्टर बंदूक घेऊन परतली. मंजुरी मागितली. मंडळानं विषय सुरक्षा-उपसमितीकडे दिला. उपसमितीत ग्रीव्हसाहेब एकटेच होते. पण ते एका बैठकीला गैरहजर राहिल्यामुळे गणपूर्ती झाली नाही.

दरम्यान त्यांचं विचारचक्र पुढं सरकत होतं. एक बंदूक आपोआप उघडी राहू शकते, तर बाकीच्या का नाहीत? दोष माणसाच्या विसराळूपणात नव्हताच; दोष होता घट्टपणात. परिपत्रक निघालं. पुढच्या हंगामापासून रांगेत उभं राहायचं असेल तर प्रत्येक बंदुकीला हलवणी-चाचणी द्यावी लागेल. बंदूक मिटून आडवी धरायची, सुरक्षाप्रमुख तिला हलकेच झटका देतील; उघडली तर उत्तीर्ण. न उघडणाऱ्या बंदुकीच्या मालकानं ‘योग्य ती सुधारणा’ करून आणावी.

लोकांनी आपापल्या बंदुका ट्रँटरकडे नेल्या. तोही आधी चिडला, मग विचारात पडला, आणि मग त्यानं खिडकीत सुंदर अक्षरांत पाटी लावली: ‘पारंपरिक मोकळीक. मंद, मध्यम आणि संपूर्ण.’

हेस्टर दुकानावरून जात होती तेव्हा तो एक नवीकोरी बंदूक शिकंज्यात धरून तिचा आकडा कानसत होता. शीळ घालत होता.

“लाज नाही वाटत, अँब्रोझ?”

“वाटली होती, सोमवारी,” तो म्हणाला. “हे बघ पोरी. जन्मभर मी भर घालत आलो. भर घालायला आठवडे जातात, आणि माणूस वर विचारतो, ‘इतके दिवस?’ सैल करायला एक दुपार पुरते, आणि लोक हात हातात घेऊन आभार मानतात. परवा पाद्रीबुवांनी मिठी मारली मला.”

मोकळीक ही लवकरच प्रतिष्ठेची गोष्ट झाली. ज्याची बंदूक नुसत्या खोकल्यानं उघडते त्याला मान मिळू लागला. इड्रिसनं संपूर्ण मोकळीक करून घेतली आणि तो गुत्त्यात सांगत सुटला, “माझी तर माझ्याकडे नुसतं बघितलं तरी उघडते.” काही हौशी मंडळी बंदूक जुनी दिसावी म्हणून घरीच पोलिश कागदानं घासू लागली. घट्ट मिटणारी बंदूक बाळगणारा माणूस मनातून हिंसक असावा, असं एक मत पसरलं. त्या महिन्यात अपघात झाले नाहीत. अपघातच काय, बारही झाले नाहीत. कारण उडवायला गेलं की हातात बंदुकीचे दोन स्वतंत्र भाग येत. ग्रीव्हसाहेबांनी सूचनाफलकावर एक मोठं शून्य लावलं आणि त्याच्याभोवती सोनेरी चौकट केली.

हा फलक कावळ्यांनी वाचला असावा. ते आता झाडावर बसेनात. सरळ फाटकावर बसू लागले. माणूस आला तरी उडेनात. जरा सरकून जागा करून देत.

आणि मार्च आला. एका सकाळी रात्रीचं दहिवर अजून गवतावर होतं, हेस्टर वरच्या रानातून धावत आली तोवर उशीर झाला होता. मेंढी दुसऱ्या कोकराला चाटत होती. पहिलं उभं होतं, थरथरत, तोंड हेस्टरच्या आवाजाकडे वळवून. डाव्या बाजूला डोळा नव्हता. कावळा फाटकावर चोच पुसत होता. हेस्टरनं दगड मारला. कावळ्यानं तो पडताना पाहिला.

त्या दिवशी गुत्त्यात मंडळाची बैठक होती. हेस्टर कोकरू कोटात घालून आत शिरली आणि तिनं ते चहाच्या कपांमध्ये टेबलावर ठेवलं. ते उजव्या डोळ्यानं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिलं.

“मला माझी बंदूक नीट करायची आहे. आज. अजून मेंढ्या व्यायच्या आहेत.”

ग्रीव्हसाहेबांनी कोकराच्या डोक्यावरून हात फिरवला. ते दुष्ट नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

“फार दुःखद, मिस प्यू. फार. परंतु कोकरू योजनेच्या कक्षेत येत नाही. शिवाय डोळा बंदुकीनं गेलेला नाही, हे सर्वांनी लक्षात घ्यावं.”

“तेच म्हणतेय मी! बंदूक असती तर गेला नसता!”

“असती तर,” ग्रीव्हसाहेब हळुवारपणे म्हणाले, “तुमचाही गेला असता. ती मोडलेली आहे, असं तुम्हीच सांगता.”

हेस्टरनं कोकरू पुन्हा कोटात घातलं. मंडळाला तो युक्तिवाद इतका आवडला की तो दोनदा वाचून दाखवण्यात आला. घरी जाताना कोटातल्या कोकराला हेस्टर गाणं म्हणत होती, पण दुसरी ओळ आपोआप बदलली होती:

दुसरं कोकरू बाई, कुंपणाच्या गं कडेला
कावळा मागतो डोळा, कमिटी बसली चहाला

दुसऱ्या दिवशी भरदुपारी ती ट्रँटरच्या दुकानात गेली. तिनं काही मागितलं नाही. कोकरू काउंटरवर ठेवलं आणि शेजारी बंदूक ठेवली.

ट्रँटरनं कोकराकडे पाहिलं. मग रस्त्यावर पाहिलं. मग दारावर ‘जेवायला गेलो आहे’ ही पाटी लावली, पडदा ओढला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “कोणाला बोललीस तर मी नाकारीन. सैल करणाऱ्या माणसाचं नाव झालंय माझं.”

अशा रीतीनं आमच्या खोऱ्यातलं सर्वांत प्रामाणिक काम चोरून सुरू झालं. रोज दुपारी ट्रँटर जेवायला म्हणून आत जायचा आणि उपाशी राहायचा. त्यानं आकड्यावर भर घातली. खटक्याला नवी जीभ बसवली. छोटा दिवा पेटवून ज्योतीचा धूर लोखंडावर धरला, डोळ्यांत काजळ घालावं तसा. मिटली, उघडली, पाहिलं. जिथं काळं पुसून चमक आली तिथं कानस, नुसता श्वासाएवढा हात. पुन्हा काजळी. हेस्टर येईल तेव्हा जवळ बसायची, कोकरू बाटलीनं दूध प्यायचं, आणि बाहेर लोक बंद दारावर टकटक करत मोकळीक मागत उभे असायचे. काही दिवसांनी काजळी सगळीकडून सारखी पुसली गेली. ट्रँटरनं नळ्या वर घेतल्या.

टप्.

हेस्टरला धुक्यातलं शेजारचं रान आठवलं. ट्रँटर नाक शिंकरत म्हणाला, “सर्दी झालीये मला.”

मग एका सकाळी, कावळा फाटकावरून उतरला. दोन उड्या मारल्या. थांबला. त्याला सवय झाली होती. हेस्टरनं बंदूक मिटली, खांद्याला लावली, आणि बार झाला.

सगळं खोरं दचकलं. बंदूक वाजली! कोणीतरी बंदूक *उडवली*! पाद्रीबुवांनी चर्चची घंटा वाजवली. इड्रिस ट्रॅक्टर घेऊन निघाला. ग्रीव्हसाहेब चिखल तुडवत वरच्या रानात पोचले तेव्हा हेस्टर बंदूक मोडून कोपरावर टाकून उभी होती. दोन्ही नळ्यांतून स्वच्छ आभाळ दिसत होतं. मागं एक मेंढी आपल्या दोन्ही डोळे असलेल्या कोकराला शांतपणे चाटत होती.

“कोणी जखमी?” साहेब धापा टाकत म्हणाले.

“कावळा.”

“बंदूक इकडे द्या. मिटून द्या.”

त्यांनी ती आडवी धरली आणि हलकेच झटका दिला. मग जोरात दिला. मग दोन्ही हातांनी खुंटा उपटावा तशी हिसडली. बंदूक ओठ मिटून राहिली.

“मिस प्यू,” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, “ही तर बंदूक आहे.”

संध्याकाळी तातडीची बैठक झाली. हेस्टरचा चषक काढून घेण्यात आला. वडिलांच्या काळापासूनची रांगेतली जागाही काढून घेण्यात आली. तिथं इड्रिसनं आपली काठी रोवली, पण रोवताना तो खाली बघत होता. सर्वांनी एकमतानं हात वर केले. ट्रँटरनं सर्वांत आधी केला.

हेस्टर घरी येऊन मेंढ्यांना पेंड घालत होती, तोच मागच्या दारावर हळू टकटक झाली. पाद्रीबुवा.

“हेस्टर, निर्णय योग्यच होता. तत्त्व म्हणून. पण चर्चमागच्या कुरणात माझ्या दोन मेंढ्या आहेत, आणि कावळे… तू सकाळी तिकडून फिरायला जाशील का? ते घेऊन?”

त्यानंतर इड्रिस आला. मग बाकीचे, एकेक करून, एकमेकांना मागच्या गल्लीत ‘नुसता पाय मोकळे करायला निघालो होतो’ असं सांगत. शेवटी ग्रीव्हसाहेब आले. पुढच्या हंगामासाठी आणलेली मंडळाची तितराची पिल्लं कावळे दिवसाढवळ्या उचलत होते.

“अधिकृतपणे मी इथं आलेलो नाही,” ते म्हणाले. “आणि येताना, मिस प्यू, कृपा करून ती उघडी ठेवून या. लोक बघतात.”

“उडवताना मिटली तर चालेल का?”

साहेबांनी गंभीरपणे विचार केला. “मी त्या वेळी पाठ फिरवीन.”

तो वसंतभर हेस्टर प्यू रानोरान फिरली. पुढं कुत्रा, मागं एकडोळं कोकरू. ती ज्या कुरणात जाई तिथले लोक तेवढ्यापुरते पाठ फिरवत, बार ऐकत, आणि पुन्हा वळून आपल्या कोकरांचे डोळे मोजत. बेरीज बरोबर येई.

कोकरांच्या हंगामाअखेरच्या भाषणात ग्रीव्हसाहेबांनी निष्कर्ष मांडला. खोऱ्यातल्या सर्व मान्यताप्राप्त बंदुका सैल आहेत, अपघात शून्य, आणि उल्लेखनीय बाब अशी की कावळ्यांचा उपद्रवही जवळपास संपला आहे. अर्थ उघड होता. शेजारच्या खोऱ्यांनी ही योजना जशीच्या तशी उचलली. तिकडे हेस्टर नाही, हे त्यांना कोणी कळवलं नाही. तो योजनेचा भाग नव्हता.

चषक आता गुत्त्यातल्या फळीवर असतो. एकडोळी मेंढी कधीकधी खिडकीपाशी येऊन आत बघते. तिची उजवी बाजू आमच्याकडे असेल तर आम्ही जरा सरकून बसतो.

तुम्ही म्हणाल, हे खोरं लांब आहे आणि आमच्याकडे असले कावळे नाहीत. खरं आहे. तुमच्या जिन्याखाली फक्त लाल रंगाचं एक नळकांडं टांगलेलं असतं. त्यावर तपासणीची ताजी चिठ्ठी असते, आणि आग अजून लागलेली नाही.